बुडत्या राज्याचा बखरकार

११७० च्या सुमाराची गोष्ट. जेरुसलेममध्ये काही मुले खेळत होती. सगळी बड्या सरदारांघरची, आठ-नऊ वर्षांची. खेळही त्या वयाला शोभेल असाच आडदांड होता. एकमेकांच्या हातांना, दंडांना नखांनी चिमटे काढायचे. चिमटा बसला की पोरे किंचाळत. एकच मुलगा मात्र कधी ओरडत नसे. बाकीचे त्याला जोर लावून चिमटे काढत आणि तो शांतपणे उभा राही. या मुलाचे नाव बाल्डविन, जेरुसलेमच्या राजाचा एकुलता एक मुलगा.

हे त्याच्या शिक्षकाच्या कानावर आले. एकदा नव्हे, अनेकदा आले. राजाचे पोर, सोशिक आहे, असेच प्रथम त्याला वाटले. मग त्याने मुलाला जवळ बोलावले, विचारपूस केली, हात तपासला. तेव्हा लक्षात आले की हा सोशिकपणा नव्हे. उजव्या हाताच्या आणि दंडाच्या निम्म्या भागाला संवेदनाच नव्हती. चिमटा काढा, चावा घ्या, मुलाला काही कळत नव्हते. शिक्षकाने राजाला सांगितले. वैद्य आले, शेक झाले, तेले चोळून झाली, जालीम औषधेही देऊन झाली. गुण आला नाही. मुलगा वयात येऊ लागला तसे सगळ्यांना दिसू लागले की हा कुष्ठरोग आहे.

त्या रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने पाहिले ते १८७३ साली, म्हणजे सातशे वर्षांनी. आजही आपल्याकडचा आरोग्य कर्मचारी कातडीवर पेनाचे टोक हलकेच टेकवून ‘कळतंय का?’ असे विचारतो, तेव्हा तो त्या शिक्षकाने केले तेच करत असतो. हा शिक्षक वैद्य नव्हता. तो धर्मगुरू होता, पुढे आर्चबिशप झाला आणि त्याहून पुढे त्याच्या काळातला फार मोठा इतिहासकार ठरला. त्याचे नाव टायरचा विल्यम.

माझी आणि त्याची ओळख अशी या आजारातूनच झाली. कुष्ठरोगाच्या इतिहासाविषयी काहीबाही वाचत असताना ही चिमट्यांची हकीकत समोर आली आणि ती सांगणारा कोण, म्हणून शोधू लागलो. त्याच्या लॅटिन ग्रंथाचे १९४३ साली अमेरिकेत निघालेले दोन खंडी इंग्रजी भाषांतर एका ग्रंथालयात मिळाले. मध्ययुगीन पाद्र्याने लिहिलेला इतिहास म्हणजे चमत्कार, संतांच्या अस्थी आणि पाखंड्यांना शिव्या, अशी माझी समजूत होती. तसले काही त्यात नाही असे नाही. पण पानागणिक एक शहाणा, चौकस, थोडा तिरकस माणूस आपल्याशी बोलतो आहे असे वाटत राहिले. आपले राज्य बुडत चालले आहे हे त्याला दिसत होते. त्याने ते लिहून ठेवले, आणि दोष बाहेरच्यांपेक्षा घरच्यांना जास्त दिला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १०९९ साली पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम जिंकले. हे पहिले धर्मयुद्ध, ज्याला आपण क्रुसेड म्हणतो. जिंकणाऱ्यांतले बरेचसे घरी परतले, काही तिथेच राहिले. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांची चार छोटी राज्ये उभी राहिली आणि त्यांतले मुख्य जेरुसलेमचे. राजा, सरदार, बिशप सगळे बहुतेक फ्रेंच बोलणारे. प्रजा मात्र अरबी बोलणारी: मुसलमान, पौर्वात्य ख्रिस्ती, थोडे ज्यू. अशा राज्यात, जेरुसलेम शहरातच, ११३० च्या आसपास विल्यम जन्मला. हे फार महत्त्वाचे आहे. तो बाहेरून आलेला यात्रेकरू नव्हता. त्याच्यासाठी ती पुण्यभूमी होती, आणि आधी जन्मभूमी होती. बायबलमधली जी नावे युरोपातला माणूस प्रार्थनेत उच्चारी, त्या गल्ल्यांतून हा पोरगा खेळला होता.

पंधरा-सोळाव्या वर्षी तो शिकायला युरोपात गेला आणि जवळजवळ वीस वर्षे तिकडेच राहिला. पॅरिस, ऑर्लेआँ आणि मग बोलोन्या. ११६५ साली परत आला तेव्हा पस्तिशीला पोचलेला, त्या काळच्या मानाने सर्वोत्तम शिक्षण घेतलेला माणूस होता. त्या छोट्या राज्यात इतका शिकलेला, आणि पुन्हा तिथेच जन्मलेला, माणूस दुर्मीळच. राजा अमाल्रिकने त्याला हेरले. ११६७ साली तो टायरच्या चर्चचा आर्चडीकन झाला आणि राजाने त्याला सांगितले, आमच्या राज्याचा इतिहास लिही.

आता राजाच्या सांगण्यावरून लिहिलेला इतिहास म्हटल्यावर आपण काय समजायचे ते समजतो. आपल्याही बखरींत धन्याचे वर्णन कसे असते ते वाचकांना ठाऊक आहे. पण विल्यमने अमाल्रिकचे जे चित्र काढले आहे ते मुळातून वाचावे. राजा शूर, हुशार, कायद्याचा जाणकार, इतिहासाचा शौकीन. हे सगळे सांगून तो पुढे सांगतो की राजा बोलताना किंचित अडखळे, फारसा कुणाशी बोलत नसे, खाणेपिणे माफक असूनही बेसुमार लठ्ठ होता, छाती बायकांसारखी लोंबे, आणि हसायला लागला की सगळे अंग गदगदे. पैशाचा लोभ होता, चर्चच्या मिळकतींवरही त्याचा डोळा असे. राजाच्या हयातीत हे कितपत लिहिले गेले कोण जाणे. विल्यम हा ग्रंथ अनेक वर्षे लिहीत आणि सुधारत होता. पण या राजावर त्याचा लोभ होता हेही त्या वर्णनातूनच कळते. ज्याच्या हसण्याची लकब इतकी लक्षात राहते तो आपल्याला नावडता नसतो.

या दोघांमधला एक संवाद तर मी कितीदा वाचला असेल. राजा टायरच्या किल्ल्यात बारीक तापाने आजारी होता. विल्यम त्याला भेटायला येई. एके दिवशी राजाने विचारले, मेल्यानंतर पुन्हा उठायचे आहे, हे धर्मग्रंथ बाजूला ठेवून कशाने सिद्ध करता येईल? विल्यम हादरला. ख्रिस्ती राजाने, तोही जेरुसलेमच्या राजाने, हा प्रश्न विचारावा! राजा म्हणाला, मला शंका नाही, पण जो ग्रंथ मानत नाही त्याला काय सांगायचे? मग विल्यमने त्याला पायरीपायरीने नेले. देव न्यायी आहे ना? आहे. न्यायी असेल तर चांगल्याचे चांगले आणि वाइटाचे वाईट करील ना? करील. मग या जगात तसे होते का? होत नाही, सज्जन भोगतात, दुर्जन चैन करतात. म्हणजे हिशेब पुरा व्हायला दुसरे जग हवे. राजाचे समाधान झाले.

तर्कशास्त्राच्या वर्गात हे उत्तर कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. पण ज्या राजाला त्याने हे सांगितले त्याच राजाच्या निरपराध पोराचा बधिर हात हातात घेऊन बसण्याची पाळी या माणसावर आली.

विल्यम केवळ खोलीत बसून लिहिणारा नव्हता. ११६८ साली राजाने त्याला वकील म्हणून बायझंटाइन सम्राट मॅन्युएलकडे पाठवले. दोघांनी मिळून इजिप्तवर स्वारी करायची असा करार ठरत होता. सम्राट मोहिमेवर बाल्कन प्रदेशात होता. विल्यम तिथवर गेला, करार पुरा करून परत आला, आणि पाहतो तर राजा त्याची वाट न पाहता इजिप्तवर निघूनही गेला होता. शिवाय इजिप्तच्या वजिराशी आधीच तह झालेला होता, तो मोडून. परिणाम उलटाच झाला. वजिराने सीरियाच्या नुरुद्दीनकडे मदत मागितली, तिकडून फौज आली, आणि त्या फौजेच्या सेनापतीबरोबर त्याचा एक तरुण पुतण्याही आला. पुढच्याच वर्षी तो इजिप्तचा वजीर झाला. त्याचे नाव सलादिन.

या प्रकरणी विल्यमने आपल्या राजाला आणि सल्लागारांना जराही पाठीशी घातलेले नाही. आधी दक्षिणेकडची सीमा निर्धास्त होती, इजिप्तकडून खंडणी येत होती, यात्रेकरू आणि व्यापारी जहाजे सुखरूप ये-जा करत होती. आता समुद्रही आपला राहिला नाही आणि सगळ्या दिशांनी शत्रू उभा आहे. आणि हे सगळे आपल्या लोभापायी, असे तो स्पष्ट लिहितो. लक्षात घ्या, ही आजच्या अभ्यासकाची टीका नव्हे. पुढे ज्याच्या हाती राज्याची मोहोर आली त्या माणसाची आहे.

इजिप्तचाच आणखी एक प्रसंग त्याने टिपला आहे, आणि तो टिपताना त्याला मजा आली असावी. त्याआधीच्या मोहिमेत, ११६७ साली, कैरोच्या फातिमी खलिफाशी तह पक्का करायला ह्यू नावाचा एक फ्रँक सरदार राजवाड्यात गेला. अंधाऱ्या दिंड्या, मग उजेडाचे चौक, संगमरवरी हौद, कधी न पाहिलेले पक्षी आणि प्राणी, शेवटी मोती जडवलेला पडदा. पडदा सरकला आणि सोन्याच्या आसनावर कोवळ्या वयाचा खलिफा बसलेला. ह्यू म्हणाला, तहाची खूण म्हणून हात द्या. दरबार सर्द झाला. खलिफाच्या हाताला परक्याने हात लावायचा! बऱ्याच कुजबुजीनंतर खलिफाने हात पुढे केला, पण हातमोज्यातला. हा रांगडा सरदार म्हणतो, इमानाला आडपडदा नसतो, हात उघडा हवा. दरबाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले असणार. खलिफा मात्र हसला, हातमोजा काढला आणि त्याचा हात हातात घेऊन तहाचा एकेक शब्द त्याच्यामागून उच्चारला. विल्यमने ही हकीकत खुद्द ह्यूकडून ऐकली होती.

शत्रूविषयी लिहिताना विल्यम आपल्या धर्माच्या बाहेर जात नाही. मुसलमान त्याच्या लेखी चुकीच्या वाटेवरचेच लोक आहेत. पण नुरुद्दीनच्या मृत्यूची नोंद करताना तो आपल्या लोकांचा कडवा वैरी होता असे लिहून त्याच दमात तो न्यायी, सावध आणि त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे धर्मशील होता, असेही लिहितो. सलादिनची बुद्धी, शौर्य आणि औदार्य यांची तो तारीफ करतो, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे असे बजावतो. उलट १०९९ सालच्या जेरुसलेमच्या विजयाचे वर्णन करताना, जो विजय म्हणजे त्याच्या राज्याची जन्मकथा, तो कत्तलीवर पांघरूण घालत नाही. प्रेतांचे ढीग भयंकर होतेच. पण नखशिखांत रक्ताने माखलेल्या विजेत्यांकडे पाहणे त्याहून भयंकर होते, अशा अर्थाचे तो लिहितो. आपल्याच राज्यसंस्थापकांविषयी असे लिहिणारे दरबारी इतिहासकार किती निघतील?

अमाल्रिकने त्याला अरबी ग्रंथ मिळवून दिले होते. त्यांच्या आधारे, विशेषतः अलेक्झांड्रियाचा दहाव्या शतकातला ख्रिस्ती धर्माध्यक्ष सईद इब्न बत्रीक याच्या इतिहासाच्या आधारे, विल्यमने पूर्वेकडच्या मुसलमान राजांचा स्वतंत्र इतिहास लिहिला. मुहम्मद पैगंबरांपासून स्वतःच्या काळापर्यंतचा, सुमारे पाचशे सत्तर वर्षांचा. त्याला स्वतःला अरबी किती येत होते याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पण ज्यांच्याशी रोज लढायचे त्यांचा इतिहास त्यांच्या भाषेतल्या ग्रंथांवरून लिहावा ही कल्पनाच बाराव्या शतकातल्या लॅटिन जगात नवलाची होती. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. विल्यमच्या हरवलेल्या लिखाणात मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याची.

आता थोडे विषयांतर करतो. टायर शहराविषयी लिहिताना विल्यम तिथल्या दोन गोष्टींचे कौतुक करतो. एक काच. तिथल्या वाळूपासून इतकी नितळ काच होई की तिची भांडी दूरदूर जात. आणि दुसरी गोष्ट ऊस. पाण्याच्या पाटांवर पोसलेला ऊस, आणि त्यापासून होणारी, माणसाच्या प्रकृतीला अत्यंत आवश्यक अशी मौल्यवान साखर, जी व्यापारी जगाच्या टोकापर्यंत नेतात. साखर म्हणजे औषध! आपली शर्करा इराण, अरबस्तान असे करत नावासकट भूमध्य समुद्रापर्यंत पोचली होती. ऊस म्हटला की कारखाना आणि निवडणूक आठवणाऱ्या मराठी माणसाला बाराव्या शतकातल्या एका आर्चडीकनने उसाकडे इतक्या आदराने पाहावे, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. असो.

११७४ च्या जुलैत अमाल्रिक हगवणीने वारला. चारच दिवसांत तेरा वर्षांच्या बाल्डविनला राज्याभिषेक झाला. तोवर रोगाचे निदान उघडपणे झालेले नव्हते, पण संशय सगळ्यांना होता आणि गुरूला तर होताच. विल्यमने या शिष्याचे जे वर्णन केले आहे त्यात नेहमीचा तिरकसपणा नाही. रूपाने देखणा, बापासारखाच चालणारा-उठणारा, बापासारखाच बोलताना थोडा अडखळणारा, तल्लख, केलेला उपकार आणि झालेला अपमान दोन्ही न विसरणारा, गोष्टी ऐकण्याचा नादी, आणि घोड्यावर बसण्यात वयाच्या मानाने फार तरबेज. हे घोड्यावर बसणेही साधे नव्हते, कारण हाताला लगामाचा स्पर्शच कळत नव्हता. अमाल्रिकने इजिप्तहून आणलेल्या एका अरबी ख्रिस्ती वैद्याच्या घरातल्या माणसाने त्याला नुसत्या गुडघ्यांनी घोडा वळवायला शिकवले होते. त्याचा उल्लेख विल्यमकडे नाही, तो अरबी वैद्यांच्या एका चरित्रकोशात सापडतो.

नवा कारभारी, त्रिपोलीचा काउंट रेमंड, याने विल्यमला राज्याचा चॅन्सेलर केले. राजाची पत्रे, सनदा, मोहोर सांभाळणारा, आपल्याकडच्या चिटणिसासारखा अधिकारी. पुढच्याच वर्षी, ११७५ मध्ये, तो टायरचा आर्चबिशप झाला. म्हणजे शिष्य राजा आणि गुरू त्याच्या शेजारी. २५ नोव्हेंबर ११७७ रोजी सोळा वर्षांच्या, आजारी राजाने माँजिझार येथे सलादिनच्या फौजेचा धुव्वा उडवला. विल्यम सांगतो त्याप्रमाणे राजाकडे सगळे मिळून पावणेचारशे घोडेस्वार सरदार होते. शत्रूचे आकडे तो फार मोठे सांगतो. त्यात थोडी गुरूची छाती फुगलेली दिसते.

२००५ साली आलेल्या एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटात हा राजा चंदेरी मुखवटा घालून वावरतो. मुखवट्याला आधार नाही. विल्यम सांगतो ते अधिक साधे आणि अधिक कठीण आहे. हात-पाय झडू लागले, दृष्टी जाऊ लागली, चालता येईना. गादी सोड, उत्पन्न लावून घे आणि स्वस्थ बस, असे सुचवणारेही होते. तो ऐकेना. ११८३ साली केराकच्या किल्ल्याला सलादिनचा वेढा पडला तेव्हा घोड्यावर बसू न शकणारा हा राजा फौजेबरोबर गेला आणि वेढा उठला.

मध्यंतरी ११७९ च्या मार्चमध्ये रोमला चर्चची मोठी परिषद भरली, तिसरी लॅटरन परिषद. जेरुसलेमकडून जे धर्माधिकारी गेले त्यांत विल्यम होता. या परिषदेत अनेक निर्णय झाले. त्यांतला एक असा की एकत्र राहणाऱ्या कुष्ठरोग्यांना त्यांचे वेगळे चर्च, वेगळे स्मशान आणि वेगळा धर्मगुरू ठेवू द्यावा. निरोग्यांबरोबर त्यांना प्रार्थनेला बसू देत नाहीत आणि स्वतःचे देऊळही बांधू देत नाहीत, हा अन्याय आहे, असा त्यामागचा विचार. त्या सभागृहात बसलेल्या शेकडो बिशपांत एकाचा राजा स्वतः कुष्ठरोगी होता. हा ठराव येताना विल्यमच्या मनात काय आले असेल? त्याने लिहिलेले नाही. परिषदेचा वृत्तांत मात्र इतरांच्या विनंतीवरून त्यानेच लिहून काढला होता. ज्याला पाहायचा असेल त्याने टायरच्या दप्तरखान्यात पाहावा, असे तो निवांतपणे सांगतो. तो दप्तरखानाही गेला आणि तो वृत्तांतही.

परतीच्या वाटेवर सात महिने कॉन्स्टँटिनोपलला काढून ११८० च्या उन्हाळ्यात तो घरी आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जेरुसलेमचा पॅट्रिआर्क, म्हणजे राज्यातला सर्वोच्च धर्माधिकारी, मरण पावला. विद्वत्ता, अनुभव, राजाचा गुरू असणे, सगळे पाहता ती जागा विल्यमला मिळायला हरकत नव्हती. मिळाली हेराक्लियसला. राजाची आई अॅग्नेस हिचे वजन त्याच्या बाजूने पडले असे म्हणतात. आणि विल्यमने या घटनेची नोंद कशी केली आहे? एका वाक्यात. अमुक वारला, दहा दिवसांत तमुक निवडून आला. बस्स. आपल्या अपेक्षेविषयी एक अक्षर नाही. राजाच्या लठ्ठपणावर परिच्छेद लिहिणारा माणूस इथे मुका होतो.

राग मात्र दुसरीकडून बाहेर पडला आहे, आणि इथे विल्यमची बाजू घेऊन चालणार नाही. अॅग्नेसबद्दल तो अत्यंत कडवट लिहितो. राजाचा मेहुणा गी, टेम्पलर पंथाचे लढवय्ये साधू, राजाभोवतीचा कंपू, यांच्याविषयी त्याच्या लेखणीत चांगले फारसे येत नाही. उलट ज्याने त्याला पद दिले त्या रेमंडचे सगळे बरे. शतकानुशतके इतिहासकारांनी हे चित्र जसेच्या तसे उचलले. ब्रिटिश इतिहासकार बर्नार्ड हॅमिल्टन यांनी २००० साली या कुष्ठरोगी राजावर जे पुस्तक लिहिले त्यात अॅग्नेस आणि तिची बाजू इतकी काळी नव्हती, हे पुराव्यानिशी मांडले आहे. मला ते पटते. दुसऱ्यांच्या बाबतीत नि:पक्षपाती राहणे विल्यमला साधले, इतिहासातल्या मुसलमान राजांच्या बाबतीतही साधले. स्वतःच्या दरबारातल्या भांडणात नाही साधले. आपल्यापैकी कोणाला साधते?

पण राज्याच्या दुखण्याचे त्याचे निदान मात्र पक्के होते. ग्रंथात एके ठिकाणी तो मध्येच थांबतो आणि विचारतो की आपले पूर्वज थोडके असून मोठ्या फौजांना पुरे पडत, मग आपण का हरतो? त्याची तीन कारणे तो देतो. पहिले, आपली पापे. हे त्या काळच्या पाद्र्याने लिहायचेच. पण पुढची दोन पाहा. पूर्वज लढाईत मुरलेले होते आणि समोरचे लोक दीर्घ शांततेने सुस्तावलेले. आता उलट आहे. आणि तिसरे, पूर्वी प्रत्येक शहराचा राजा निराळा होता आणि त्यांचे एकमेकांत पटत नव्हते; आता इजिप्तपासून सीरियापर्यंत एका माणसाची सत्ता आहे. आजचा अभ्यासक याहून फार वेगळे काही सांगत नाही.

११८४ च्या सुमारास बावीस भाग लिहून झाले होते. तेविसाव्याच्या प्रस्तावनेत विल्यम सांगतो की लेखणी खाली ठेवावी असे ठरवले होते. आपल्या माणसांच्या पराक्रमाचे लिहायला बसलो, आता लिहायला आपत्तींशिवाय काही उरले नाही. वाचणाऱ्यालाही नको आणि लिहिणाऱ्यालाही नको असा हा मजकूर. पण मित्रांनी आग्रह धरला. जुन्या रोमन इतिहासकारांनी काय फक्त विजयच लिहिले? त्यांनी पराभवही लिहिलेच ना? ते मानून तो पुन्हा लिहायला बसतो. त्या तेविसाव्या भागात फक्त एक प्रकरण आहे. आजारी राजा आणि मेहुणा गी यांचे भांडण विकोपाला गेले आहे, रेमंडकडे कारभार सोपवला जातो, आणि तिथेच लिखाण थांबते.

११८५ च्या वसंतात बाल्डविन गेला, वय जेमतेम तेवीस-चोवीस. त्याच्यामागून गादीवर बसवलेला लहानगा भाचा पुढल्या वर्षी गेला. विल्यम बहुधा ११८६ च्या २९ सप्टेंबरला वारला. हेराक्लियसने त्याला विष घालून मारले अशी कथा पुढे पसरली, पण तिच्यावर आज कोणी विश्वास ठेवत नाही. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या माळावर सलादिनने जेरुसलेमची सगळी फौज बुडवली आणि २ ऑक्टोबरला शहर घेतले. ही बातमी घेऊन जो धर्मगुरू युरोपला गेला तो टायरचा नवा आर्चबिशप, विल्यमच्या जागी आलेला.

ग्रंथ मात्र तगला. तेराव्या शतकात त्याचे फ्रेंच भाषांतर झाले आणि तेच जास्त वाचले गेले. १४८१ साली इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकाने, कॅक्स्टनने, त्यातला पहिल्या धर्मयुद्धाचा भाग इंग्रजीत छापला. मूळ लॅटिन १५४९ साली बाझेलला छापून निघाले. इतक्या वाचकांत कोणाला एक गोष्ट सापडत नव्हती. विल्यमने स्वतःविषयी, आपल्या शिक्षणाविषयी लिहिलेले प्रकरण, एकोणिसाव्या भागातले बारावे, कोणा नकलकाराच्या हातून गळले होते. मी वाचलेल्या १९४३ च्या भाषांतरातही ते नाही. डच विद्वान ह्यूजेन्स यांना ते व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितात सापडले आणि १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. संपूर्ण ग्रंथाची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९८६ साली आली.

ते प्रकरण पुढे भाषांतरात वाचायला मिळाले. आत्मचरित्र असे त्यात काही नाही. आहे ती गुरुजनांची यादी. पॅरिसमध्ये व्याकरण आणि तर्क कोणी शिकवले, भूमिती कोणी शिकवली, कोणापाशी किती दिवस काढले. धर्मशास्त्र सहा वर्षे पीटर लोंबार्ड यांच्यापाशी. मोरिस द स्युली यांचेही नाव आहे, ज्यांनी पुढे पॅरिसचे नोत्र दाम बांधायला घेतले. २०१९ साली जळालेले आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलेले तेच. ऑर्लेआँचे हिलरी, ज्यांच्याकडे प्राचीन कवी शिकला, ते तेव्हा म्हातारे झालेले. बोलोन्याला कायदा शिकवणारे चौघे. राज्याचा चॅन्सेलर आणि टायरचा आर्चबिशप झालेला हा माणूस, पन्नाशी उलटल्यावर, एकेका मास्तरांचे नाव आठवून लिहितो आहे आणि कोणी सुटले तर नाही ना, याची काळजी घेतो आहे.